आधीपण कोळी, नंतरपण कोळी

१२ जून ९९, शनि.

हरेशचं पाकीट आलं, सिंगापूरहून, रजिस्टर. पोस्टमन म्हणाला सही करा. मी पूर्ण नाव लिहून सही केली, घाईतली नाही.

आत कार्ड. बँक त्याची, खातं त्याचं, पण हे जास्तीचं कार्ड माझ्या नावाने. सुलोचना डी कोळी. इंग्रजी मोठी अक्षरं, वर उठलेली. डोळे मिटून बोट फिरवलं तरी कळतात. चारदा फिरवलं.

चिठ्ठी छोटीच. "आई, बाबांसाठी जे लागेल ते याच्यावर घे. विचारत बसू नको. जहाज ब्राझीलला निघालं. ऑगस्टपर्यंत फोन होईल असं वाटत नाही." हा जहाजावर इंजिनाशी, आणि हुकूम सोडतो इथे घरात. बापावर गेलाय.

सासूबाईंनी कार्ड उजेडात धरलं. "यो काय गो? रेशनचा?"
"नाय आये, बँकेचा."
"मंग पैसं कना हायेत?"
"सिंगापूरला."
"मंग मना कशाला दाखवतंस?"

ह्यांना दाखवलं. पाटीवर लिहिलं, "जपून ठेव." फेब्रुवारीत घशाचं ऑपरेशन झालं, आवाजाची पेटीच काढली. तेव्हापासून बालवाडीची एक पाटी आमच्या घरी राहायला आली आहे. स्टॉक रजिस्टरात मी "पाटी १, फुटली" लिहिलंय. वीस वर्षं बालवाडी चालवतेय, एवढी एक चोरी.

कोलशेत कोळीवाड्यात असलं कार्ड पहिलं माझं. तारखेसकट लिहून ठेवते. नंतर कमळाकरशेट बर्फवाले म्हणायचे, आमच्याकडे आधी आलेलं.

१५ जून, मंगळ.

मुंबईला हॉस्पिटलात, दर महिन्याची तपासणी. जखम छान भरली म्हणाले. गळ्याच्या भोकातूनच श्वास, तो आता आयुष्यभर तसाच.

मग बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी एक मशीन दाखवलं. विजेरीएवढं. गळ्याला टेकवायचं, बटण दाबायचं, ते गुणगुणतं, शब्द आपण तोंडाने करायचे. अलिबागकडचे एक आजोबा बोलून दाखवत होते. "बाय, मी बोलतो, ऐकू येतं?" आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा, पण शब्द न् शब्द कळला. मला तिथेच रडू आलं. रडले पण.

इथली मशीनं संपली, नवीन दिवाळीनंतर. बाईंनी अमेरिकेतल्या दुकानाचं नाव कागदावर लिहून दिलं. हल्ली लोक इंटरनेटवरून मागवतात म्हणाल्या, कार्ड असेल तर.

कार्ड असेल तर! पिशवीतच होतं माझ्या.

ह्यांनी बसमधे पाटी काढली. "नको." का नको? "रेडिओ." मी म्हटलं रेडिओ तर रेडिओ, निदान बातम्या तरी कळतील. पाटी उलटी ठेवली.

१६ जून, बुध.

पंच आलेले. बसले, चहा घेतला, ह्यांच्या जाळ्याचं कौतुक केलं. मग मुद्दा. होडी सहा घरांची, हे वीस वर्षं तांडेल. आता होड्या वर ओढलेल्या आहेत, पण नारळी पुनवेला परत पाण्यात जाणार. "दामूशेट, तांडेलाची हाकच नाय ऐकली तर जाला कोनाच्या हुकमाने वढायचा? पुनवेच्या दिवशी ठरवू. नायतर पुतन्याला देऊ."

खोटं नाही बोलले. पुतण्या पण वाईट नाही, खाली मान घालून बसलेला. पण हे! खाडीच्या त्या काठावरून हाक मारायचे तर मी इकडे चुलीवरचं भांडं उतरवायचे. त्या माणसाने आज पाटीवर काय लिहिलं, तर "बरं."

बरं काय बरं! मी ठरवलंय. पुनवेच्या आत मशीन घरात.

१७ जून, गुरु.

बालवाडी सुटल्यावर थेट माजिवडा. वैशाली गायकवाड, माझ्या पहिल्या बॅचची पोर, चाळीत राहायची, नाक कायम वाहतं. आता स्वतःचा कॉम्प्युटर क्लास, तीन मशीनं आणि इंटरनेट. भिंतीवर बुद्धाचं चित्र, खाली मोडेम ठेवलेला, तो जोडताना असा किंचाळतो की बुद्ध म्हणूनच शांत राहतो. मला खुर्ची दिली, स्वतः उभी. क्लासातल्या पोरांना सांगते, "ह्या माझ्या बाई." माझी मान एवढी वर की पंख्याला लागायची.

फॉर्म भरायला घेतला. नाव, कार्डाचा नंबर, झालं. मग घर नंबर.

"आमच्या घराला नंबर नाही गं."
"बाई, त्याला चांदणी आहे. भरल्याशिवाय पुढे जाणारच नाही."

कोळीवाड्यात कुणाच्या घराला नंबर आहे? बँकेकडे हरेशने नुसतं "मरीआईच्या देवळामागे" दिलंय. तसंच टाकलं तर घेईना. मग मला सुचलं. होडीचा नंबर टाक! सरकारी नंबर आहे, रंगवलेला आहे, पोस्टमनपासून पोलिसापर्यंत सगळ्यांना पाठ. वैशाली म्हणाली बाई तुमचं डोकं. मी म्हटलं आहेच.

फोन नंबर कमळाकरशेट बर्फवाल्यांचा, पी.पी., म्हणजे फोन आला की ते हाक मारतात. पी.पी. लिहायला जागाच नव्हती, नुसता नंबर गेला.

शेवटचं बटण माझ्याकडून दाबून घेतलं. थँक यू आलं. त्याचा कागद छापून घेतला, देवीपुढे ठेवला. अमेरिकेने कोळणीला थँक यू म्हटलं.

१९ जून, शनि.

वैशालीचा निरोप, या. गेले. दुकानाचं पत्र आलंय कॉम्प्युटरवर. माल थांबवला. वैशालीने मराठीत सांगितलं. कार्ड सिंगापूरचं, माल अमेरिकेतला, पोचवायचा भारतात. बँकेकडचा पत्ता आणि दिलेला पत्ता जुळत नाही. फोन भलत्याच्याच नावावर. म्हणून तपासणी.

"म्हणजे काय गं?"
"म्हणजे बाई... त्यांना वाटतंय कार्ड चोरीचं आहे."

चोरीचं! माझं नाव कोरलंय त्याच्यावर! आमच्या सात पिढ्यांत कुणी दुसऱ्याच्या जाळ्यातली एक कोळंबी उचलली नाही. (पाटीचं सोडून.) वैशाली म्हणे टेन्शन नका घेऊ बाई, मशीनच बघतं, माणूस नसतोच. मग तर जास्तच अपमान.

बँक आता खात्री करायला फोन करणार.

२३ जून, बुध.

सकाळी कमळाकरशेटची हाक, "सुलोचनावहिनी, शिंगापूर!" भाकरीचं पीठ हाताला तसंच, धावले. बर्फाच्या लाद्यांजवळ फोन, पायाखाली भुसा, बर्फ घ्यायला आलेल्या बायका सगळ्या गप्प.

बाई इंग्रजीत. गोड आवाज. वैशालीने दोन दिवस पढवलेलं होतं, घाबरले नाही. माय नेम इज सुलोचना. माय सन इज ऑन शिप. हरेशची जन्मतारीख विचारली, सांगितली. एवढंच नाही, वार पण सांगितला.

मग म्हणे, खातेदाराच्या आईचं लग्नाआधीचं नाव. मेडन नेम.

"कोळी."
"नो मॅडम. बिफोर मॅरेज."
"येस. कोळी."
"दॅट इज युवर प्रेझेंट नेम, मॅडम."
"बिफोर कोळी! आफ्टर कोळी!"

मी चेंदणीच्या कोळ्यांची, दिली कोलशेतच्या कोळ्यांत. ह्याच्यात खोटं काय? मग कुणाला देणार होते, कलेक्टरला? पण तिला वाटलं मला माहीत नाही, म्हणून समोर दिसतंय तेच नाव ठोकून देतेय. बरं, मी दुसऱ्यांदा मोठ्याने सांगितलं, ते तिने दुसरं चुकीचं उत्तर धरलं. दोन झाली. तिसरं चुकलं तर कार्ड बंद, हरेश स्वतः बँकेत जाईपर्यंत. बरोबर उत्तर देईपर्यंत अडकवून ठेवलंय. सॉरी मॅडम.

खरं बोलले म्हणून चोर ठरले. बर्फवाल्याकडच्या बायका म्हणाल्या, काय झायला गो? मी म्हटलं काय नाय, लाइन खराब होती.

२४ जून, गुरु.

काल संध्याकाळपर्यंत सगळ्या कोळीवाड्याला कळलं. जो तो विचारतो, "काय सुलोचना, बिफोर कोण, आफ्टर कोण?" हसा. हसा मेल्यांनो.

घरी सगळं सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "तिला इथं आन, माज्या समोर. कोली कोली नाय तं काय न्हावी?" ह्यांनी ऐकून घेतलं. मी म्हटलं, हरेशने काय लिहिलं असेल हो? पाटी पुसली, कोरडी केली, खुंटीला लावली. एरवी मीठ कमी पडलं तरी चार ओळी लिहितात.

२८ जून, सोम.

हरेशच्या जहाज कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसात जाऊन आले. मेलं-जगलं असेल तरच जहाजावर निरोप पाठवतात. आईचं लग्नाआधीचं नाव विचारायला नाही. तिथला माणूस बिचारा भला, हसू दाबत होता. पत्र लिहा, पुढच्या बंदरात मिळेल. लिहून दिलं. पुढचं बंदर कधी? जुलैअखेर, कदाचित.

जुलैअखेर उत्तर निघालं तर इथे कधी पोचणार, मशीन कधी निघणार, पुनव कधी...

२ जुलै, शुक्र.

वैशालीबरोबर विचार. काय लिहिलं असेल पोराने? मेडन नेम म्हणजे आडनावच, ती ठाम. मग नाखवा लिहिलं असेल? माझ्या आजोबांना सगळे नाखवाच म्हणायचे. की चेंदणीकर? की काहीतरी मस्करी?

एकच उत्तर उरलंय. वैशाली म्हणाली, बाई, अंदाज नका मारू. नाही मारणार. पोरांना मी तेच शिकवते, येत नसेल तर गप्प बसा, पण फेकू नका.

रात्री जेवताना ह्यांना परत विचारलं, तुम्हाला काय वाटतं? नाखवा? खांदे उडवले, भात कालवत बसले. एवढा कालवला की पेज झाली.

८ जुलै, गुरु.

आज नीट लिहायचंय. 

मी बालवाडीत. घरी हे आणि सासूबाई. मागच्या पायरीवर शेवाळ, सासूबाई घसरल्या, खाली गटाराशी पडल्या. ह्यांना पडवीतून दिसलं. धावले, पण त्यांना एकट्याने उचलवेना, पाय अडकलेला. आणि हाक मारता येईना. शेजारी दोन्ही घरांत माणसं होती. दहा पावलांवर. परात घेऊन पळीने बडवत बसले. लोकांना वाटलं पोरं खेळतात. किती वेळ गेला कोण जाणे, शेवटी पुतण्याच आला.

हाड मोडलं नाही. मुका मार, गुडघा सुजलाय. म्हातारी झोपून शिव्या घालतेय म्हणजे ठीक आहे.

मी आले तर हे परात मांडीवर घेऊन बसलेले. तळाला पोचे. मी काही विचारायच्या आत पाटी घेतली, लिहिलं, "मथी."

मी म्हटलं काय?

"हरेशने तेच लिहिलंय."

मी खाली बसले. मथी. चेंदणीची मथी, मथुरा. लग्नात तांदळात अंगठीने नाव लिहिलं, सुलोचना, कारण सासूबाईंचं नाव पण मथुरा. एका घरात दोन मथ्या नकोत. सत्तावीस वर्षं झाली. माहेरचे पण आता सुलोचनाच म्हणतात. मीच विसरलेले म्हटलं तरी चालेल.

मग पाटी भरत गेली, पुसत गेली. दिवाळीत हरेश घरी आलेला तेव्हा बँकेचा फॉर्म परत आलेला. आईचं लग्नाआधीचं आडनाव आणि स्वतःचं आडनाव सारखंच कसं, नीट भरा. त्याने बापाला विचारलं, अजून काय लिहू? हे म्हणाले मथी लिही. तेव्हा म्हणाले. तोंडाने. आवाज होता तेव्हा.

"म्हणजे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

मान हलवली.

"मी मुंबईला जाऊन आले! कोळीवाडा हसला माझ्यावर! आणि तुम्ही भात कालवत बसलात?"

लिहिलं, "मशीन नको होतं." पुसलं.  मग, "लोक हसतील. तांडेल गेला, भोंगा आला." ते पण पुसलं. शेवटी, "आये पडली. हाक मारता आली नाही."

एवढी चिडले होते. जन्मात एवढी चिडले नाही. आणि तरी सांगते, त्या क्षणी माझा नवरा मला जेवढा मोठा वाटला तेवढा वीस वर्षं तांडेल असताना वाटला नाही. आपण होऊन पाटी उचलली त्याने. पण तसं बोलले नाही. म्हटलं, परात तुमच्या बापाने आणलेली नाही, माझ्या माहेरची आहे.

९ जुलै, शुक्र.

सकाळी माजिवड्याच्या आय.एस.डी. बूथवर. बर्फवाल्याकडे नाही, तिथे तिकीट लावलं असतं. वैशाली बरोबर, पण बोलले मीच.

दुसरीच बाई फोनवर. सगळं पहिल्यापासून. शेवटी तोच प्रश्न. हा लास्ट चान्स, मॅडम.

पहिल्यांदा नुसते ओठ हलले. ह्यांचं काय होतं ते कळलं तेवढ्यापुरतं. मग म्हटलं, "मथी."
"स्पेल प्लीज?"
एम. ए. टी. एच. आय. एकेक अक्षर, बालवाडीत पाढे म्हणते तसं.

टकटक आवाज आला.

"थँक यू, मिसेस कोळी. दॅट इज करेक्ट."

करेक्ट! सत्तावीस वर्षांनी कुणीतरी माझं नाव विचारलं, आणि बरोबर आहे म्हणालं. ज्या नावाला माझ्याच घरात जागा नव्हती ते सिंगापूरच्या बँकेने कुलूप करून लावलंय, आणि किल्ली माझ्याच तोंडात. बूथवाला काचेतून बघत होता, ही बाई हसते का रडते.

कार्ड मोकळं. वैशालीने लगेच दुकानाला कळवलं. पत्ता नीट करून घेतला, होडीचा नंबर मात्र राहू दे म्हटलं.

१० जुलै, शनि.

सासूबाईंचा गुडघा शेकत होते. म्हणाल्या, "काल बँकेला माजा नाव सांगलास म्हने?"
मी म्हटलं, "तुमचा नाय. माजाच."
गुडघा मागे ओढला. मला वाटलं आता भांडण. मी तयारच होते, सत्तावीस वर्षांचं.

तर म्हणाल्या, "मी आयलू तवा माजा पन बदलनार व्हते. मी रडून रडून ठेवला." एवढंच. मग भिंतीकडे तोंड करून झोपल्या.

११ जुलै, रवि.

सकाळी आतून हाक. "मथे! चा दे गो."

मी इकडे तिकडे बघितलं आधी. मग चहा नेला. साखर दोन चमचे जास्त पडली.

१७ जुलै, शनि.

माल निघाला! वैशालीकडे पत्र आलं, नंबरासकट. तिने टाळ्या वाजवल्या, क्लासातल्या पोरांनी पण, त्यांना काय माहीत कशासाठी. तिला सुकट दिली.

बाकी महिना वाट बघण्यात. रोज पोस्टमनला विचारते, आता तो लांबूनच मान हलवतो.

४ ऑगस्ट, बुध.

मुंबईला परदेशी टपालाच्या ऑफिसात. पार्सल अडकलेलं. तिथला साहेब म्हणाला हे काय यंत्र, कशासाठी? डॉक्टरची चिठ्ठी होती, दिली. तरी वाचतोय, उलटतोय. ह्यांनी पुढे होऊन गळ्यावरचा रुमाल सोडला. स्वतः. जो माणूस घरात पण रुमाल सोडत नाही. साहेबाने बघितलं, शिक्का मारला, उठून उभा राहिला. "घेऊन जा काका."

अमेरिकेने विचारलं, सिंगापूरने विचारलं, मुंबईने पण विचारलं. विचारा बाबांनो. आम्ही सगळ्यांना पुरून उरलो.

६ ऑगस्ट, शुक्र.

मशीन खोक्यात. खोकं कपाटात. ह्यांनी हात लावला नाही. मी चार्जिंगला लावलं, लाल दिवा लागला, हिरवा झाला, काढलं. सासूबाई म्हणाल्या, मुहूर्त बघनार का काय?

हॉस्पिटलच्या बाईंनी सांगितलंय, घाई करू नका. बरं. मी घाई करत नाही. नुसती दिवसातून दहा वेळा कपाट उघडते.

१५ ऑगस्ट, रवि.

बालवाडीत झेंडा. पोरं एका सुरात ओरडली, छप्पर हललं. मला वाटलं एवढा मोठा आवाज, पण असतो तोवर कोण जपतंय.

दुपारी कपाट उघडलं तर खोकं रिकामं.  जाळ्याच्या खोपटामागून गुणगुण ऐकू आली, माशी बाटलीत अडकावी तशी. थांबली. परत आली. मी पायाचा आवाज न करता मागे फिरले, आयुष्यात पहिल्यांदाच. सासूबाई दारात, त्यांना मी तोंडावर बोट ठेवून दाखवलं. म्हातारीने पण ठेवलं.

२१ ऑगस्ट, शनि.

रोज दुपारी खोपटामागे. आम्ही दोघी रोज बहिऱ्या.

पुतण्या विचारत होता, काकाचं काय? मी म्हटलं काकाला विचार. पंच पण विचारून गेले. होडीला रंग झाला. नंबर ह्यांनी स्वतः रंगवला, सरळ रेघेत, मी पत्त्यात दिलेला.

हरेशचं पत्र आलं ब्राझीलहून. माझं पत्र त्याला मिळालं. "आई, सॉरी, सांगायचं राहिलं. मथी लिहिलंय. बाबा म्हणाले, हेच लिही, हे कोणाला सुचणार नाही." पत्र ह्यांच्यासमोर मोठ्याने वाचलं. दोनदा. कान लाल झाले त्यांचे. उशिरा आलेलं पत्र पण कामाला आलं.

२५ ऑगस्ट, बुध.

उद्या पुनव. नारळाला सोनेरी कागद लावून झाला. करंज्या झाल्या. हे दिवसभर होडीवर, दोर बघ, इंजिन बघ. सगळं खुणांनी. मशीन खिशात होतं, मी शर्टाचा खिसा बघितला, जड होता. काढलं नाही.

माझं मन बसलं. वाटलं, झालं, खोपटामागेच राहणार हे. एवढं सगळं करून.

संध्याकाळी आले, पाय धुतले, बसले. मी चहा पुढे ठेवला आणि करंज्यांच्या शेवटच्या घाण्याकडे वळले. मागून गुणगुण आली. तेल उकळतंय वाटलं. मग शब्द. एकेक सुटा, पत्र्यातून आल्यासारखा, न घाबरता.

"मथे. चात साखर नाय."

झारा तेलात पडला. सासूबाई आतून ओरडल्या, "कोन आयलाय गो?" मी म्हटलं, "कोन नाय आये, तुमचा पोर आयलाय."

सहा महिन्यांनी बोलला आणि काय बोलला, तक्रार! मी पण सोडलं नाही. म्हटलं, साखर तुमच्या समोर आहे, हात आहेत ना? तर हसले. हसण्याचा आवाज मशीनमधून येत नाही, खांदे हलतात फक्त. मी डबा उचलून साखर घातली. तीन चमचे. रडतच घातली, लपवलं नाही.

मग विचारलं, उद्या होडीवर हाक माराल? सगळ्यांसमोर?

चहा पीत राहिले. मशीन डाव्या बाजूला ठेवलेलं, पाटी उजव्या बाजूला. मी म्हटलं, पाटी बालवाडीत परत नेऊ का? स्टॉकमधे लिहायला लागेल मला, "पाटी १, सापडली."

 झोपताना खिशातून मशीन काढून चार्जिंगला लावलं, त्यांनी, मी नाही. दिवा लाल आहे. सकाळपर्यंत हिरवा होईल.